घरकुलाचा शेवटचा फोटो

"अंग आखडायच्या आत बसव तिला," सहादूतात्या म्हणाले. "मग न्हाई बसायची."

नितीनने आईच्या काखेत हात घातले. पाय यशोधराने धरले. विमलबाई जाऊन अजून तासही झाला नव्हता. पत्र्याच्या शेडमधून त्यांनी तिला उचललं आणि समोरच्या नव्या घराच्या ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

नऊ वाजता इंजिनीअर येणार होता. घरकुलाचा शेवटचा फोटो काढायला. घर आणि घरापुढं लाभार्थी, दोन्ही एका फोटोत आले की शेवटचा हप्ता सुटतो. तो सुटला की दुकानदार दार-खिडक्या सोडणार. कागदावर लाभार्थी एकच, विमलबाई. आणि लाभार्थी सकाळी सातला मेली होती.

"मेल्या मानसाला खुर्चीत बसवत्यात का कुनी?" यशोधरा म्हणाली. सासूचे पाय अजून तिच्या हातात होते.

"भिमाजीचं घर बघून ये, मग बोल," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे नितीनचे सख्खे चुलते. मेलेली त्यांची भावजय होती, पण त्यांचा आवाज हलला नाही.

भिमाजीचं घर पलीकडच्या बोळात होतं. घर कसलं, चार भिंती. भिंती उभ्या राहिल्या आणि भिमाजी आडवा झाला. वारसाची नोंद लावायला त्याची पोरं चार वर्षं तालुक्याला खेटे घालत होती. इथला शिक्का तिथं चालत नाही, तिथला कागद इथं सापडत नाही. भिंतींच्या आत बाभळ उगवली. तिला शेंगा आल्या. त्या आता गावच्या शेळ्या खातात.

विमलबाईने यादीत नाव यायची अकरा वर्षं वाट बघितली. नाव आलं, तर मोकळ्या जागेचा फोटो पाहिजे म्हणाले. तिने राहतं घर स्वतःच्या हाताने पाडलं. दोन हिवाळे पत्र्याखाली काढले. स्लॅबला पाणी मारायला टँकरच्या रांगेत उभी राहिली आणि स्वतः घोट घोट प्यायली. छाती भरून आली तरी दवाखान्याचं नाव काढू देईना. "सायेब आले आन् मी न्हाई घावले तर?" साहेब तीनदा येतो म्हणाले. तीनदा आले नाहीत.

चौकटीला दार टेकवलेलं होतं. ते तात्यांनी कालच आणून ठेवलं होतं. सगळा गाव ते दार ओळखतो. सात घरकुलांच्या फोटोंत तेच एक दार आहे. फोटो झाला की दार पुढच्या घरी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. घर पुरं झाल्याचं साहेबाला दाखवायचं असतं, एवढंच.

"दार उसनं मिळतं, नित्या," तात्या म्हणाले. "आई कोन देनार?"

नितीनने मोबाईल काढून वेळ बघितली. सुप्याच्या कंपनीतून तो दोन दिवसांची रजा टाकून आला होता, फोटोसाठी. तिसगावातून इंजिनीअरचा फोन आला. चहा घेतोय, निघालोच.

मग यशोधरा हलली. शेडमध्ये गेली, फणी आणली. सासूचे केस विंचरले. ठेवणीतलं हिरवं लुगडं अंगावर लपेटलं. छातीवरून टॉवेल घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधला आणि वरून पदर नीट सोडला. मान काही राहीना. हनुवटी सारखी खाली येत होती. शेवटी ती स्वतःच खुर्चीमागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी सासूचं डोकं धरलं.

"थंड पडल्यात वो आत्या," ती हळूच म्हणाली. कुणीच तिच्याकडं बघितलं नाही.

इंजिनीअर आला. तरुण पोरगा. गाडीवरून उतरलाही नाही. बसल्या बसल्या मोबाईल काढला.

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. लाभार्थी एकटा पाहिजे."

"पडत्याल त्या, सायेब. ताप हाय."

"झोप लागली का काय आजींना?"

"रातभर जागीच हुती," नितीन म्हणाला. "तुमचीच वाट बघत."

हे खरं होतं.

"बरं, राहा मागं. हात दिसू देऊ नका."

यशोधराने हात पदराआड घेतले. तात्या रस्त्यावर आडवे उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवायला. इंजिनीअरने मोबाईल वर धरला. पडद्यावर विमलबाईच्या तोंडाभोवती हिरवा चौकोन उमटला. अकरा वर्षं ज्या सरकारला ही बाई सापडत नव्हती, त्याच्या मोबाईलला ती एका क्षणात सापडली. नितीनने खुर्चीकडं पाऊल टाकलं. झालं. दार येणार. खिडक्या येणार. आता आईला खाली घेता येईल, पाणी घालता येईल, माणसांना सांगता येईल.

इंजिनीअरची नजर मोबाईलवरच होती.

"आता उठवा आजींना," तो म्हणाला. "कालपासून नवीन ॲप आलंय. डोळे मिचकावल्याशिवाय फोटो घेत नाही. लाभार्थी जिवंत आहे का, तेवढं बघतं ते."