सत्तावीस नंबर

"पहिल्या ओळीतला पहिलाच आकडा शून्य आला तर?" सुनिताने कॉलेजच्या फाटकाशी नवऱ्याला विचारलं.

गोरखने खांद्यावर झोपलेल्या लेकीला, रूपाला थोपटलं. "तर... त्याने भागायचं."

"शून्याने? अहो, कालच तर घोकून घेतलं तुमच्याकडून! ओळींची अदलाबदल करायची. खालची वर, वरची खाली."

"हां, आमच्या यार्डात वरचा कंटेनर उतरवून खालचा काढतात तसं."

"हसू नका. दहा मिनिटांत घंटा होईल."

गेले पाच महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, सुनिता पनवेलच्या या कॉलेजात गोरखच्या जागी येत होती. न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात त्याची पाळी संध्याकाळचीच. विद्यापीठाचा हा लिनिअर अल्जिब्राचा पेपर आणि पुढच्या सत्राचा दुसरा सुटला, तर त्याला ऑफिसात बढती होती. पण हजेरी भरली नाही, तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. "तू बारावी सायन्सची. सत्तावीस नंबर पुकारला की हजर म्हण, आणि सगळं उतरवून आण," असं तो जूनमध्ये म्हणाला होता. सर नावं घेत नसत, नुसते नंबर.

सासूबाईंनी, रंभाबाईंनीही आडकाठी केली नव्हती. "माज्या गोरखच्या बढतीचं काम हाय. तू जा, पोरीला मी बगते." ती स्वतःसाठी शिकायला निघाली असती, तर रंभाबाईंनी उंबरा ओलांडू दिला नसता.

धाकधूक रोजचीच. एकदा शिपाई हातातल्या यादीकडे आणि मग तिच्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा तिने वहीत डोकं खुपसलं. पण तो पुढे गेला. चाचणीत सत्तावीस नंबरला चाळीसपैकी अडतीस मिळाले, सर "शाब्बास" म्हणाले, आणि ती चोरी पकडली गेल्यासारखी घामाघूम झाली.

रोज सकाळी चहाबरोबर ती गोरखला शिकवायची. तो पाळण्याची दोरी ओढत म्हणायचा, "कळलं नाही, पुन्हा सांग." ती पुन्हा सांगायची. तांदूळ निवडतानाही तिच्या मनात एका ओळीतून दुसरी ओळ वजा होत असायची.

आजच्या परीक्षेत गोरख नापास झाला की संपलं. पुढच्या सत्राचा वर्ग नाही, त्या संध्याकाळी नाहीत.

"तुला आवडतं ना गं हे?" गोरखने मध्येच विचारलं.

"माझ्या आवडीचं काय घेऊन बसलात? तुमचं एक काम धड नाही. जूनमध्ये गॅस कनेक्शनच्या फॉर्मसाठी म्हणून स्टुडिओत नेऊन माझा फोटो काढलात, चार ठिकाणी सह्या घेतल्यात. अजून मी स्टोव्हलाच पंप मारतेय!"

"येईल गं गॅस."

घंटा झाली. मुलं जिन्याकडे पळाली. सुनिताचे डोळे भरून आले. "जा आता. आधी पहिला आकडा बघा, एवढं तरी लक्षात ठेवा."

रूपाला घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले.

गोरखने पोरीला दिलं नाही. खिशातून काढून त्या हातांवर त्याने पेन ठेवलं, आणि घडी घातलेलं हॉल तिकीट. तिने घडी उलगडली. नंबर सत्तावीस, नाव सुनिताचं. शेजारी, गॅसच्या फॉर्मसाठी काढलेला तिचा फोटो.