शिवणीतली लस

छावणीत पांघरुणांतल्या उवांमुळे टायफस पसरला होता. त्यावर उपाय म्हणून अल्पना सिस्टर प्रयोगशाळेत वाढवलेल्या उवा प्रत्येकाच्या कपड्यांच्या शिवणीत सोडायची. त्या चावल्या, की लस मिळायची.

तरी मंदाकिनीची थोरली तापाने फणफणली होती.

"हिचा स्वेटर धुतला होतास का?" अल्पनाने विचारलं.

"स्वयंपाकाची लाकडं जाळून उकळला," मंदाकिनी ताठ मानेने म्हणाली. "माझ्या पोरींच्या अंगावर आजवर ऊ पडू दिली नाही, सिस्टर."

अल्पनाला तिच्यावर रागावणं जमेना. "आमच्या उवा मेल्या, आणि शेजारच्या पांघरुणातली रोगाची ऊ आली गं. औषधाने उतरेल ताप."

मंदाकिनीने धाकटीला पुढे ओढलं, तिची स्वच्छ कॉलर उलटी केली आणि तोंड फिरवून म्हणाली, "सोडा."