आरसेवाली

"आत्या, तिचा डावा हात अंधारात जातोय! उजेड हातावर पाड, तोंडावर नको!" शिडीच्या वरच्या पायरीवरून ढब्बू ओरडला.

"पाडतेय की," खालून आत्या म्हणाली. हातातला चंदेरी रिफ्लेक्टर तिने इकडचा तिकडे केला आणि उजेड पुन्हा तोंडावरच पडला.

ढब्बू हे अर्थातच घरातलं नाव. पस्तिशीचा हा फोटोग्राफर आता पार वाळून गेला होता, पण आत्याच्या लेखी तो अजून तिच्या मांडीवरचा गोलमटोल भाचाच होता. तेव्हा तिच्या डाव्या दंडावरचे लशीचे दोन गोल वण तो दारावरच्या घंटीसारखे दाबत बसायचा, आणि आत्या न कंटाळता दरवेळी म्हणायची, "ट्रिंग! कोण आहे?" आज त्याचा मदतनीस तापाने आडवा झाला, तेव्हा हीच आत्या आपणहून निघाली होती. तरुणपणी ती याच गावात दोन वर्षं शाळेत शिकवत होती.

सकाळपासून देवळाच्या जोत्यावरची हत्तींची रांग झाली, शिखर झालं, सभामंडपाचे सतरा खांब झाले. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक दगडी सुंदरी होती. उरली होती अठरावी, आरसा धरलेली.

"हजार वर्षांत हिला कुणाची छिन्नी लागलेली नाही," फोटोंचं काम देणाऱ्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. "माझं अख्खं पुस्तक या बाईवर उभं आहे. मुखपृष्ठावर हीच. फोटो जमला, तर पुढची तीन पुस्तकंही तुमची."

तीन पुस्तकं म्हणजे लग्नांच्या फोटोंतून सुटका. घामाघूम नवरदेवांना "जरा हसा" सांगून ढब्बूचा जीव मेटाकुटीला आला होता. आणि फरशीवरून उलटून वर येणारं हे ऊन फार तर आणखी दहा मिनिटं टिकणार होतं.

"एवढं काय बघितलं हिच्यात तुझ्या प्राध्यापकांनी?" आत्या म्हणाली. "नाक उगाच सरळ केलंय. त्या ढोलकीवालीचा घे की."

"ढोलकीवालीला नाकच उरलेलं नाही, आत्या."

झाडू घेऊन आलेला म्हातारा राखणदार हसला. "बाई अजून तशाच आहेत. दुरुस्ती चालली होती तेव्हा मुलांना चित्रं काढायला घेऊन यायच्या."

ढब्बू शिडीवरून खाली वाकला. "दुरुस्ती? कसली?"

"पायऱ्यांची रे," आत्या म्हणाली. "मागच्या चार पायऱ्या बदलल्या होत्या."

"चार पायऱ्या, आणि पाथरवटाला लागली दोन वर्षं!" राखणदार म्हणाला.

"काम चोख होतं त्यांचं," असं म्हणून आत्याने रिफ्लेक्टर हलवला. दंड पुन्हा अंधारात गेला.

आता मात्र ढब्बूचं डोकं फिरलं. तो तरातरा खाली उतरला, तिच्या हातातून रिफ्लेक्टर घेतला आणि समोरच्या खांबाला टेकवून बरोब्बर कोनात उभा केला. पण आत्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्याला वाईट वाटलं.

"राहू दे ना रे," ती म्हणाली. "चेहरा सुरेख आलाय. हात कशाला हवाय?"

"दोनच मिनिटं, आत्या." तो पुन्हा वर चढला.

ऊन आता थेट डाव्या दंडावर होतं. ढब्बूने लेन्स जवळ नेली. मनगटात बांगड्या, कोपराच्या वर बाजूबंद. बाजूबंदाच्याही वर, खांद्याखाली, शेजारी शेजारी दोन गोल खळगे. टवके उडालेत म्हणावं, तर दोन्हींच्या कडा बारीक छिन्नीने जपून कोरलेल्या होत्या.

ढब्बूने कॅमेरा खाली केला. त्याने हात लांब करून त्यातला एक खळगा बोटाने दाबला.

खाली आत्याने पदर डाव्या दंडावर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "ट्रिंग! कोण आहे?"