लाल गाठी

"सुरी द्या," हौसा म्हणाली, तसा होडी वल्हवणारा नवरा दचकला. तिनं महिनाभर विणलेल्या जाळ्यात पट्टेरी डोक्याचा हंस गुरफटला होता.

"गाठी सोडव. भोयाची बाई आपलं जाळं कापत न्हाई."

"तवर मरंल त्यो. त्याला पिल्लं काढायला हिमालयापल्याड जायचंय." दर हिवाळ्यात धरणावर पक्षी मोजायला येणाऱ्या मॅडमनी तिला हे सांगितलं होतं.

तिनं स्वतःच सुरी उचलून जाळं कापलं. हंस पाण्यावर एक गिरकी घेऊन थव्याला मिळाला.

फाटलेला भाग तिनं मुद्दाम लाल दोऱ्यानं विणला. काठावरच्या बाया हसल्या, "हौसे, पांढऱ्या जाळ्याला लाल ठिगळ?"

हौसानं जाळं उन्हात पसरलं, लाल गाठी वर दिसतील असं.

"तिथनं हिमालयाची वाट जाती," ती म्हणाली.