मधली जाळी

"निकाल काय आला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नजर पिंजऱ्यावरच होती.

संशोधक बाई नुकतीच बोटीतून उतरली होती. खांद्यावरची पिशवीही तिने अजून खाली ठेवली नव्हती.

"वेगवेगळ्या जाती आहेत."

पिंजरा एकच, मध्ये जाळी. एका बाजूला उत्तरेच्या बेटावरची उंदरीण, दुसऱ्या बाजूला दक्षिणेच्या बेटावरचा उंदीर. माणसांबरोबर मांजरं आली आणि दोन्ही बेटांवरच्या मूळच्या उंदरांपैकी एवढेच दोघे उरले. इथल्या संवर्धन केंद्रातले लोक त्यांना नवरीबाई आणि नवरदेव म्हणायचे. जात एकच निघाली, तर जाळी उचलायची असं ठरलं होतं.

"नीट तपासलंत?"

"पुन्हा पुन्हा. जुन्या कवट्या, दात, या दोघांचं रक्त. दर वेळी वाटायचं, माझंच काहीतरी चुकत असेल. पण नाही चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी जाळीच्या कडीला हात लावला. "समजा, मी उचलली. पिल्लं होतील?"

"होतीलही."

"मग?"

"ती कोणत्या जातीची म्हणायची?"

"आईबापांची म्हणायची."

संशोधक बाईने पिशवी खाली ठेवली. "बेटांवर यांचं आणखी कुणी सापडलं तर?"

"इतक्या वर्षांत सापडलंय?"

"नाही. पण सापडलं, तर यांना त्यांच्यासाठी राखायला हवं." मग हळूच म्हणाली, "नका उचलू."

डॉक्टरीणबाईंनी कडीवरचा हात काढला. वेगळ्या जाती एका खोलीत ठेवायच्या नाहीत, असा नियम होता. त्यांनी नवरीबाईला लाकडी पेटीत घेतलं आणि ओसरीच्या टोकाच्या खोलीत नेलं.

संशोधक बाई पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसली. नवरदेव जाळीपाशी गेला. नाक लावून त्याने पलीकडचं हुंगलं, थोडा वेळ थांबला, मग आणखी खाली, कोपऱ्यात जाऊन हुंगलं. पुढ्यातल्या बियांना त्याने तोंड लावलं नाही.

डॉक्टरीणबाई परत आल्या. "तिकडे ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसलीय. हा?"

"शोधतोय."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला.

"निघायचं ना तुम्हाला?"

संशोधक बाई उठली नाही. "पुढच्या बोटीने जाईन."

पुढची बोट आता आठवड्यानेच येणार होती.