तळ्यात-मळ्यात

दिवसभर साहेबी इंग्रजी बोलून हेमांगीचा जबडा ठणकत होता. उच्चार सुधारावेत म्हणून कंपनीने त्यात चिप बसवली, त्याला महिना होत आला होता. ड्यूटी संपल्यावर ती कॉल सेंटरच्या पायरीवरच बसली आणि तिने महिन्याभरात पहिल्यांदाच गावी फोन लावला.

"अप्पा, मी बोलतेय."

"आधी तळ्यात-मळ्यात म्हण."

हुबेहूब आवाज काढून लोकांना फसवणाऱ्या यंत्रांना 'ळ' जमत नाही, म्हणून ही परीक्षा तिनेच वडिलांना शिकवली होती.

तिने जीभ टाळूकडे वळवली. चिपने ती मुकाट सरळ केली.

"तल्यात... मल्यात."

"मेल्या, लेकीचा आवाज चोरतोस? माझी पोर तुझ्याहून हुशार आहे. तिनंच शिकवलंय मला!"

अप्पांनी फोन आपटला.