कानातली आई

अबोलीनं एकोणतीसचा पाढा संपवला आणि कानातल्या मण्याकडे लक्ष लावून ती गालातल्या गालात हसली. पोरांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून शाळेनं सगळ्यांच्या कानात हे मणी बसवले होते. कौतुक करायचं यंत्र आणि आवाज मात्र आईचा! प्रवेशाच्या वेळी तिच्या आईनं, कुंदानंच, आपल्या आवाजाचा नमुना दिला होता.

आता कुंदाच्या अंगाचा तिळपापड होत होता. दृष्ट लागते म्हणून तिनं पोरीचं तोंडावर कधीच कौतुक केलं नव्हतं. आणि तिचाच गळा वापरून ही बया दिवसभर लाडात येत होती!

"काय म्हणाली गं ती सटवी?"

"शाब्बास माझी वाघीण, असं म्हणाली. आई, तिला शिव्या नको ना देऊस."

कुंदानं मणी उपसून मुठीत आवळला. "आता म्हण परत."

अबोली मधेच अडखळली, रडवेली झाली, पण नेटानं शेवटपर्यंत पोचली.

कुंदाचा ऊर भरून आला. दृष्ट गेली खड्ड्यात! तिनं पोरीला जवळ ओढलं. "शाब्बास माझी वाघीण!"

अबोलीनं टाळ्या पिटल्या.

"अय्या, आई! तुला हुबेहूब तिचा आवाज काढता येतो!"